मांजर उठल्याशिवाय

आमच्या मांजरघरातले किस्से मांजराच्या केसांसारखे आहेत. कितीही झटका, संध्याकाळी पँटला चार चिकटलेलेच! ऐकणारे पोट धरून हसतात. मी मात्र ते दिवस पोटात गोळा घेऊन काढलेत.

नव्वदच्या दशकात शाहूपुरीतल्या एका रिकाम्या गुळाच्या गोडाऊनमध्ये कांबळे बाईंनी भटकी मांजरं सांभाळायला घेतली. बाई शाळेतून रिटायर झालेल्या. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्लार्क, रविवारी इथं दारावर. पाहुण्यांना दार दिवसभर उघडं. गोणपाटावर बसायचं, मांजराला हाक मारायची नाही. ते आपणहून मांडीवर आलं, की बाईंचा एकच नियम. "मांजर उठल्याशिवाय पावण्यानं उठायचं न्हाय!"

गोडाऊन तात्यांचं. बाईंना नुसत्या शब्दावर वापरायला दिलेलं. ते परत मागितलं तर पन्नासेक मांजरं न्यायची कुठं? या काळजीनं मला धड जेवण जात नसे. बाई म्हणायच्या, "तुझं तोंड बघूनच मांजरं बावचळत्यात."

*

गारगोटीचा एक पोरगा शेजारच्या गल्लीत मुलगी बघायला आलेला. थोडा वेळ होता म्हणून आत डोकावला, बसला, आणि मांडीवर मांजर झोपलं!

त्याचा मामा शोधत आला. "अरं, पोरीकडची मानसं वाट बघायल्यात. ऊठ की!"

पोरगा बिचारा बाईंकडं बघतोय. बाई ढिम्म. मला वाटलं, आता भांडण होणार, तात्यांच्या कानावर जाणार!

शेवटी मुलीकडचेच तणतणत इकडं आले. मुलीनं दारातूनच त्याला नीट बघून घेतलं आणि वडिलांना म्हणाली, "मांजरासाठी एवढा गप बसतोय. चालंल मला."

*

एकजण पिशवीतून मांजरी घेऊन आला. "रस्त्यावर घावली. माझी न्हाय." असल्यांचा मला राग येतो. फेकायचं आणि वर हात झटकायचे!

तो पायरी उतरला आणि परत आला. "हिला म्हशीचंच दूध लागतंय बरं का." गेला, पुन्हा आला. "आन् थोपटल्याबिगर झोपत न्हाय."

पुढच्या रविवारी गोणपाटावर पहिला तोच.

*

निपाणीहून दोन गाड्या भरून एक कुटुंब आलं. ते गेल्यावर बघतो तर पिवळ्या नावाचा बोका गायब! मी गल्ली पालथी घातली. तेवढ्यात फोन वाजला.

"तुमचा बोका आमच्या गाडीत हाय. आमच्या आत्याबाई तुमच्याकडं हायत का?"

बाईंनी खांबामागं वाकून बघितलं. "हायत की. पर अजून उठायला मोकळ्या न्हाईत!"

*

आता तात्या. पहिल्यांदा ते जागा खाली करा म्हणून सांगायलाच आले आणि चुकून बसले. काळी नावाची मांजरी बाईंशिवाय कुणाच्या जवळ जात नसे. ती नेमकी तात्यांच्या मांडीवर गेली! दिवस मावळल्यावर तात्या विषय न काढताच घरी गेले.

तेव्हापासून ते दारात उभं राहूनच बोलत. "मी बसणार न्हाय. बसलो की माझं काम ऱ्हातंय."

आणि एका उन्हाळ्यात त्यांनी गोडाऊन एका कंपनीला द्यायचं ठरवलं. ठरल्या दिवशी सकाळपासून आम्ही मांजरं करंड्यांत भरत होतो. कुठं न्यायची ते अजून ठरलं नव्हतं. बाई एकेका मांजराला नावानं हाक मारत होत्या. मांजराला हाक मारायची नाही, हे त्यांनीच मोडलं, तेव्हा मला रडू फुटलं.

तात्या आले. घाम पुसायला हातातली पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "ह्यात कुलूप हाय. शेवटचं मांजर निघालं की लावतो."

शेवटची काळी. ती करंडीकडं फिरकलीच नाही. सरळ उंबऱ्यावर गेली, पिशवीवर अंगाची गुंडाळी केली आणि झोपली.

मी तिला उचलायला वाकलो.

"हात लावू नगंस!" तात्या ओरडले.

मग ते उभेच राहिले. ऊन सरकलं. कंपनीचा माणूस येऊन घाई करून गेला. तात्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. करंड्यांतून मांजरं ओरडत होती.

शेवटी तात्यांनी टोपी घातली आणि पायरी उतरले.

"त्या करंड्या उघडा आधी, जीव गुदमरंल त्येंचा. आन् ही उठली की पिशवी घरला धाडून द्या."