निळ्या गुलालाची घोडी

आमच्या दादाच्या पांढऱ्या घोडीला एका जागी उभं राहणं जन्मात जमलं नाही. खुंट्याला बांधली की ती खुंट्याभोवती फिरायची. फिरून फिरून तिच्या टापांनी गोठ्यात असं आळं पाडलं, की पावसाळ्यात त्यात बेडकं राहायला आली आणि रात्रंदिवस तक्रारी करू लागली. मीही त्याच मातीचा. मला बसायला खुर्ची दिली तर बोलता बोलता मी खुर्चीसकट दारापर्यंत जातो. त्यामुळे घोडीचं आणि माझं पटायचं.

पळायला मात्र ती अशी होती, की एकदा पोखर्णीच्या रस्त्यावर तिची सावली मागे राहिली आणि दिवस मावळायच्या सुमारास एकटीच घरी आली. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, तेव्हा यावर वाद नको.

एवढं असूनही ती कधी जिंकली नाही. जितक्या शर्यती, तितक्या वेळा दुसरी. तेही अर्ध्या मानेनं. एकदा बोरीचा एक म्हातारा लंगडा घोडा तिच्यासोबत पळाला. धावताना तो खोकत होता. त्याच्याही मागे ही अर्धी मान. दादा घरी येऊन जेवलाच नाही.

आमच्याकडे जत्रेतल्या शर्यतीत दोन गट असतात. कधीच न जिंकलेली जनावरं कोऱ्या गटात पळतात. एकदा जिंकलं, की पंच त्याच्या आयाळीत मूठभर गुलाल चोळतात आणि तिथून पुढे ते गुलाली गटात. कोरा घोडा गुलाली गटात ढकलला तर काय होतं, ते आम्ही पाहिलेलं होतं. मागे एका जत्रेत वरच्या गटात घोडे कमी पडले म्हणून एक कोरा घोडा त्यात घातला. तो पोचला तेव्हा लोकांनी शेवटची दोरी गुंडाळून ठेवली होती आणि जिंकणारा घोडा घरी जाऊन पाणी पीत होता. पुढे त्या घोड्याला कडबा दाखवला तरी तो त्या दिशेला पळेना. मोडलाच तो.

वहिनीला या सगळ्याचा वैताग आला होता. म्हशीच्या वाट्याचा कडबा घोडी खायची आणि म्हैस दुधाच्या वेळी डोळे वटारायची. जयंतीच्या आधी वहिनीनं निकाल देऊन टाकला. "अवो, या जत्रेला गुलाल आणा. न्हाई तर बोरीचा बँडवाला मागायलाय, त्याला देऊन टाका. वरातीत तरी कामाला येईल."

दादानं शब्द दिला. देताना त्याचा चेहरा उतरला, कारण वरातीतली घोडी म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. नवरदेवाचे मित्र नाचून दमेपर्यंत एका जागी उभं राहायचं. आमच्या घोडीला एक क्षण उभं राहता येत नाही. ती तिथे वेडी झाली असती, नाही तर मेली असती.

जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षीसारखी आमची घोडी होतीच. मिरवणूक चौकात थांबली, की ही बिथरायची, म्हणून मी तिला घेऊन मिरवणुकीभोवती चकरा मारत राहिलो. मिरवणूक बुद्धविहारापर्यंत गेली, तेवढ्यात आम्ही दोघं चालीच्या हिशेबानं नांदेडला जाऊन आलो असू. बाया निळा गुलाल उधळत होत्या. वहिनीनं तर घोडीच्या डोक्यावर ओंजळच्या ओंजळ रिकामी केली. दुसऱ्या दिवशी दादानं तिला साबण लावून धुतली आणि आठवड्यानं आम्ही जत्रेच्या माळावर गेलो.

माळावरचे मुख्य पंच म्हणजे एक फेटेवाले म्हातारे. त्यांची एक पद्धत होती. जिंकलेले घोडे धुऊनपुसून कोऱ्या गटात घुसवणारे बहाद्दर आमच्या भागात कमी नाहीत. म्हणून म्हातारे अंगठ्याला थुंकी लावायचे आणि प्रत्येक घोड्याच्या आयाळीचं मूळ घासून बघायचे. त्यांनी आमच्या घोडीची आयाळ घासली आणि अंगठा वर केला. अंगठा निळा.

"गुलाली गट," म्हातारे म्हणाले.

"मामा, हा जयंतीचा गुलाल हाय," दादा म्हणाला.

"जयंतीचा असंल, न्हाई तर आणखी कशाचा. रंग कोणताबी असो, गुलाल तो गुलाल. धुतली का हिला?"

"धुतली."

"कामून धुतली?"

"मळली होती म्हणून."

"सगळे असंच म्हणतेत."

"आमच्या गावात कुणालाबी विचारा, मामा. ही जिंदगीत जिंकली न्हाई!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा बघा, किती लपवायलाय!" आणि सगळा माळ हसला. दादा जितक्या शपथा घेई, तितकी आमची घोडी लोकांच्या मनात मोठी होई. पाण्याच्या टँकरपासून रसवंतीपर्यंत बातमी जाता जाता ती तीन जिल्हे जिंकून आली होती.

दादा पांढरा पडला. "घरी नेतो हिला," मला म्हणाला. "हारली तर हारली, पण मोडली तर?"

"नेलीस तर उद्या बँडवाला नेईल," मी म्हणालो. बँडवाला तिथेच होता. जिलेबी खात, जीप घेऊन, वर बोहल्यासारखी सजवलेली झूल आणून तयारच. शेजारी वहिनी पदर खोचून उभी. दादानं दोघांकडे पाहिलं आणि घोडीवर टांग टाकली.

मग मला गप्प बसवेना. गुलाली गटात वालूरचा एक काळा घोडा होता, इतक्यांदा जिंकलेला की त्याचे कानसुद्धा गुलाबी झाले होते. त्याच्या स्वाराजवळ मी सहज गेल्यासारखा गेलो आणि म्हणालो, "दोस्ता, तोंडाला रुमाल बांध. मागं एक जण हिच्या पाठीमागं पळाला, त्याच्या नाकातोंडात इतकी धूळ गेली की त्याच्या मिशीत ज्वारी उगवली." त्यानं मला शिवी दिली. पण रुमाल बांधला.

झेंडा पडला. वालूरचा स्वार सुरुवातीपासून चाबूक वाजवत सुटला. आमची घोडी कडेला. मी डोळे झाकले, उघडले, वहिनीचा हात धरला, सोडला. आणि बघतो तर काय, काळ्याच्या मानेला मान लावून पांढरी मान! बाकीचे घोडे मागे धुळीत दिसेनासे झाले. काळा वाढला, ही वाढली. काळा फेसाळला, ही मजेत. लंगड्या घोड्यासोबत लंगड्याच्या चालीनं पळालेली आमची घोडी वालूरच्या काळ्यासोबत काळ्याच्या चालीनं पळत होती. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिला जिंकायचं नव्हतंच. तिला सोबत हवी होती.

दोरीपाशी आली आणि अर्ध्या मानेनं दुसरी झाली.

माळ गर्जला. वहिनी मात्र हलली नाही. दादा खाली उतरला, घोडीच्या गळ्यात हात घालून उभा राहिला आणि बँडवाल्याला म्हणाला, "शब्द दिलेला हाय. न्या."

बँडवाल्यानं जिलेबीचा हात धोतराला पुसला. "म्या येडा हाय का? हिच्यावर नवरदेव बसवला तर लग्न बोरीत अन् नवरदेव हिंगोलीत! मला थंड जनावर पायजे." झूल जीपमध्ये टाकून तो निघून गेला.

गोठ्यात आल्यावर वहिनीनं म्हशीपुढचा कडबा उचलून घोडीपुढे टाकला आणि दादाकडे वळली. "तुमी लगाम ओढला का?"

"न्हाई गं, तिनंच दम धरला."

"मंग शेजारचा दिसू देऊ नका तिला!"

त्या दिवसापासून आमच्या घरात दादापेक्षा वहिनीलाच चैन नाही. घोडी आता कायमची गुलाली गटात, आणि प्रत्येक जत्रेत दुसरी. गेल्या आठवड्यात वहिनीनं जुन्या निळ्या लुगड्याची झापडं शिवली. शेजारचा घोडा दिसलाच नाही तर ती कुणासाठी थांबेल, हा हिशेब. मलाही तो पटला. दादानं झापडं बांधली.

घोडी उभी राहिली. नुसती उभी. टाप नाही, शेपूट नाही, कान नाही. जन्मात पहिल्यांदा. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो.

"काढा, काढा ते!" वहिनी ओरडली आणि तिनंच पुढे होऊन गाठ ओढली. "अशी जिंकण्यापरीस दुसरी आलेली बरी."

घोडीनं तिघांकडे बघितलं, फुरफुरली आणि खुंट्याभोवती फिरायला लागली. वहिनीनं झापडं घडी करून कमरेला खोचली आणि मला विचारलं, "भाऊजी, वालूरची जत्रा कधी हाय म्हणलात?"