गौरवग्रंथासाठी पाठवलेलं प्रकरण

काकूंनी माझ्या आईच्या हातातली पेटती मेणबत्ती काढून घेतली. भर स्टेजवर. समोर हॉल गच्च भरलेला. मुलुंडचं आमचं कॉलेज, 'युद्ध आणि राष्ट्र' या विषयावरचं चर्चासत्र आणि उद्घाटनाची समई. आई वाकली होती. मेणबत्ती वातीपाशी पोचतच होती. तेवढ्यात विंगेतून काकू आल्या, हसत हसत आल्या, आईच्या मुठीतून मेणबत्ती सोडवली आणि प्रमुख पाहुण्यांच्या बायकोच्या हातात दिली.

समई पेटली. टाळ्या वाजल्या.

काकू म्हणजे आमच्या सरांची बायको. सर म्हणजे राज्यशास्त्राचे विभागप्रमुख आणि माझ्या पीएच.डी.चे गाइड. युद्ध, राष्ट्रवाद, विचारसरणी या विषयांत सरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. वर्तमानपत्रांत लेख, गावोगावी व्याख्यानं. मी त्यांच्या विभागात टेम्पररी लेक्चरर होते. पर्मनंट व्हायचं की नाही, हे त्यांच्या हातात होतं. प्रबंधावर सही करायची की नाही, हेही त्यांच्याच हातात.

आणि आई म्हणजे जवानाची विधवा. माझा बाप बांगलादेशच्या युद्धात गेला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आम्ही मालवणकडचे. मामा गिरणीत होता, त्याने आम्हाला घाटकोपरला स्वतःच्या खोलीत आणलं. आई बालवाडीत पोरं सांभाळायची, त्यांची नाकं पुसायची आणि त्यावर मी एम.ए. झाले.

आईला बोलवायची कल्पना माझी नव्हती. सरांची होती. "अगं, तुझी आई वीरपत्नी. दीपप्रज्वलन तिच्याच हस्ते करू. कार्यक्रमाला एक वेगळी उंची येईल." निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलंसुद्धा. आईने ती पत्रिका चाळीत घरोघर फिरवली. मामीची जांभळी साडी मागून घेतली, इस्त्रीला टाकली. समई कशी पेटवायची हे काय तिला शिकवायला हवं होतं? तरी मला विचारत होती, "मेणबत्ती उजव्याच हातात धरूची ना गे?"

आता तो उजवा हात तसाच पुढे राहिला होता. रिकामा. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. सर माइकमध्ये म्हणाले, "बाईंना जरा खाली बसवा." कुणीतरी तिच्या कोपराला धरलं आणि तिला खाली आणून मागच्या रांगेत बसवलं.

मी दाराशी बिल्ले वाटायच्या टेबलावर होते. मी उठले, मधल्या वाटेने निघाले. सरांनी स्टेजवरून मला पंजा दाखवला. बस. मी बसले नाही. आईच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. सरांचं बीजभाषण संपेपर्यंत उभीच होते.

आणि भाषण कसलं! सरांचा आवाज भरून आला होता. "सैनिकाची पत्नी कधीच विधवा होत नाही. तिचं सौभाग्य हे राष्ट्र सांभाळत असतं." अगदी हेच शब्द. ज्या स्टेजवरून तिला पाच मिनिटांपूर्वी अपशकुनी म्हणून उतरवलं, त्याच स्टेजवरून. लोकांनी डोळे पुसले. आईनेही टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, सगळे वाजवतात तर आपणही वाजवाव्यात.

नंतर शाल-श्रीफळ झालं. तेव्हा तिला पुन्हा वर बोलावलं, फोटो काढला. शाल द्यायला विधवा चालते. दिव्याला चालत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. काकू तिथेच होत्या, ताटात जिलब्या घेत होत्या.

"सर, आईच्या हातातून मेणबत्ती का काढली?"

सरांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "अगं, शुभकार्याचा दिवा तो. तुमच्यात हे फारसं पाळत नसतील. पण आज वडीलधारी मंडळी आली आहेत. उगाच कुणाच्या मनात किंतू नको."

"पत्रिकेत छापलं होतं," मी म्हटलं.

"ते माझ्या लक्षात नाही आलं," सर म्हणाले. "हिने वेळेवर लक्षात आणून दिलं. तू नको ना त्याला एवढा अर्थ लावूस. सत्कार झाला ना तिचा?"

अर्थ लावू नकोस! जन्मभर दुसऱ्यांच्या युद्धांचे, झेंड्यांचे, स्मारकांचे अर्थ लावून ज्याने खुर्ची कमावली, तो माणूस मला सांगत होता, अर्थ लावू नकोस. मी त्या जेवणाला शिवले नाही.

घरी जाताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. शाल पिशवीत होती. मग म्हणाली, "माकाच समजाक व्हया होता. मी कित्याक हात फुडे केलंय?"

तिथे माझं डोकं फिरलं. काकूंनी जे केलं त्याने मी संतापले होतेच. पण आईला स्वतःचीच लाज वाटत होती, हे मला सहन होईना. अपमान त्यांनी करायचा, आणि माफी हिने मागायची. त्या रात्री मी ठरवलं की या माणसांना हे महागात पाडायचं. आरडाओरडा करून नाही. मला जे येतं त्याने. मला संशोधन येत होतं, आणि ते त्यांनीच शिकवलं होतं.

तोवर माझा प्रबंध युरोपातल्या महायुद्धांवर होता. विषय सरांनी दिलेला. मी तो विषय बदलला नाही, नुसतं एक प्रकरण वाढवलं: आपल्याकडच्या जवानांच्या विधवा. रविवारी मी भांडुपला, विक्रोळीला, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत हिंडू लागले. पंधरा ऑगस्टला कोण बोलावतं, कुठे बसवतं, काय देतं, दिवा कोण लावतं, एवढंच विचारायचे. बायका आधी हसायच्या. मग बोलायच्या.

विक्रोळीला साताऱ्याकडच्या एक बाई होत्या. त्यांनी मला ट्रंक उघडून दाखवली. "शाली बघा किती जमल्या. हारबी घालत्यात. आन् लेकीच्या लग्नात मला मांडवात येऊ दिलं न्हाई. सख्ख्या दिरानं. म्हणला, वहिनी, तुमी आतच बसा. कन्यादान जावेनं केलं."

म्हणजे घर आणि देश यांचं छान जमलेलं होतं. देशाने मेलेल्या नवऱ्याचा जयजयकार करायचा आणि जिवंत बाईला घराच्या ताब्यात द्यायचं. घराने तिला मांडवाच्या मागे लपवायचं. मग वर्षातून दोनदा देशाने तिला तिथून काढायचं, फोटो घ्यायचा, परत पाठवायचं. हे मी प्रकरणात लिहिलं. सुरुवात मात्र आमच्या कॉलेजच्या स्टेजपासून केली. कुणाचं नाव घातलं नाही. 'विभागप्रमुखांच्या पत्नी' एवढंच.

सरांनी ते वाचलं आणि मला घरी बोलावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"हे संशोधन नाही. रडगाणं आहे."

"कुठली विधानं चुकली आहेत, सर?"

"प्रश्न विधानांचा नाही. तू या विषयाच्या फार जवळ आहेस. तुझी दृष्टी गढूळ झाली आहे."

ज्याचं कुणी कधी सीमेवर गेलं नाही त्याची दृष्टी स्वच्छ. जिचा बाप तिथे राहिला तिची गढूळ. मी विचारलं, "मग काय करू?"

"प्रकरण काढ. निदान पहिली पानं काढ. मुलुंडमध्ये सगळ्यांना कळतं विभागप्रमुख कोण ते. जूनमध्ये पोस्ट भरायची आहे. तुझा विचार करून सांगतोय."

मी म्हटलं, "नाही काढणार."

"मग मी सही करणार नाही."

"नका करू."

जूनमध्ये पोस्ट भरली. माझ्याच वर्गातला एक मुलगा लागला. तो वाईट नव्हता, नुसता मान डोलवायचा. माझी टेम्पररी नोकरीही गेली. गिरणी बंद पडल्यापासून मामा घरीच होता, त्यामुळे आमची पुरती वाट लागली. मी अंधेरीला एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं. नवा गाइड शोधायला गेले की लोक सरांचं नाव ऐकून चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. शेवटी एका बाईंनी घेतलं. त्यांनी प्रकरण वाचलं आणि एकच सूचना केली. "पहिली पानं ठेवायची. आणि जास्त नेमकी करायची."

मग मला डिग्री मिळाली. अंधेरीच्याच एका कॉलेजात नोकरी मिळाली. सर मला विसरले असतील, असं मला वाटायचं. मी त्यांना विसरले नव्हते. एकदाही नाही. त्यांचा लेख छापून आला की मी तो पेन्सिल घेऊन वाचायचे आणि वाट बघायचे.

संधी त्यांच्याच माणसांनी आणून दिली. सर निवृत्त होत होते. आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त झाला की शिष्य गौरवग्रंथ काढतात. त्यात प्रत्येकाने गोड लिहायचं असतं. माझ्या जागेवर लागलेला तो वर्गमित्र संपादक होता. माझ्या कॉलेजात आला. "चल ना यार, झालं गेलं सोड. सरांची विद्यार्थिनी आहेस तू. काहीतरी दे ना."

"देते ना," मी म्हटलं.

मी ते प्रकरण पाठवलं. अख्खं. या वेळी नावं घातली. सरांचं पूर्ण नाव, काकूंचं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव. आईचं नावही घातलं, कारण पत्रिकेत ती नुसती 'एक वीरपत्नी' होती. सोबत चिठ्ठी जोडली. तुम्ही छापलं नाहीत तर मी मासिकात छापीन, आणि तुम्ही का छापलं नाहीत तेही लिहीन.

आठवड्यात सर घाटकोपरला आले. आमच्या चाळीत, पहिल्यांदा. जिना चढून धापा टाकत होते. कॉटवर बसले. आईने चहा ठेवला. मी उभीच राहिले.

"एवढं मनात धरून बसलीस?" सर म्हणाले.

"हो."

"मी माफी मागतो. आता, इथे."

"हॉलमध्ये मागा. जिथे झालं तिथे."

सर हळू आवाजात म्हणाले, "मी आयुष्यभर युद्धावर लिहिलं. हे छापून आलं तर लोक माझं एवढंच लक्षात ठेवतील."

"त्यासाठीच लिहिलंय, सर."

मला त्या क्षणी खूप बरं वाटलं. लपवत नाही. इतक्या वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सर आईकडे वळले. त्या दिवशी 'बाई' होती ती आता 'ताई' झाली. "ताई, तुम्ही तरी सांगा हिला. तुमच्या मनात तर काही राग नाही ना?"

आईने कप त्यांच्यासमोर ठेवला. पदराला हात पुसले.

"तुमी इचारल्यात म्हणान सांगतंय," ती म्हणाली. "राग आसा."

"इतक्या वर्षांनीसुद्धा?"

"व्हय. आनी तो माझो आसा. चेडवाचो," तिने माझ्याकडे बोट केलं, "येगळो. दोनय आसत."

सर चहा न पिता उठले. आईने कप उचलला आणि मोरीत ओतला.

गौरवग्रंथ निघाला. माझ्या लेखाशिवाय निघाला. पुढच्याच महिन्यात मी प्रकरण मासिकात छापून आणलं, संपादकांनी नकार दिला ही तळटीप घालून. मुलुंडमध्ये खूप वाचलं गेलं म्हणे. काकूंनी महिला मंडळात जाणं बंद केलं, असंही कानावर आलं. मला वाईट वाटलं नाही. मी अजूनही दरवर्षी राष्ट्रवादाच्या पहिल्या तासाला वर्गात तेच वाचून दाखवते, नावांसकट.

लोक म्हणतात, अहो, आता म्हातारे झाले ते. थकलेत. कशाला जुनं उकरता? माझी आईही म्हातारी झाली. तिला कुणी म्हणालं नाही की थकलात, या, आता तुम्हीच दिवा लावा.

मला त्यांच्यातलं काही नको. त्यांची माफी नको, सत्कार नको. उद्या सर जातील. शोकसभा होईल, त्याच हॉलमध्ये होईल. मला बोलावतील किंवा नाही बोलावणार. मी जाणार आहे. माइकपाशी जाऊन उभी राहणार आहे आणि प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. या वेळी पंजा दाखवायला कुणी नसेल.