कुत्र्याचा चार्ज

घरमालकीणबाईंच्या सुनेला दिवस गेले आणि माझ्या कुत्र्याचे दिवस भरले. कारेगावात वरच्या मजल्यावर माझी खोली आहे, शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. बाई भांडल्या नाहीत. जिना चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत कुत्र्याची कुठंतरी सोय बघा, तुम्ही मात्र राहा. तेव्हा मी त्यांच्यावर आतल्या आत धुमसले होते. आज त्यांचे उपकार मानते. त्या बोलल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आठवडाभर मी दुसऱ्या खोल्या बघितल्या. कुठे कुत्रं नको होतं, कुठे एकटी बाई नको होती. एके ठिकाणी दोन्ही चालणार होतं, पण त्या खोलीला खिडकीच नव्हती.

उरले दौंडचे आप्पा, म्हणजे माझे वडील. जन्मभर मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले, आई गेली, आणि आता लाईनजवळच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. पाच वर्षांपूर्वी हे पिल्लू मला कंपनीच्या गेटबाहेर एका कंटेनरखाली सापडलं, तेव्हाच त्यांनी फोनवर बजावलं होतं की पाळायचं तर पाळ, माझ्या घरात आणायचं नाही. आप्पांचा नकार म्हणजे लाल सिग्नल. पुढ्यात उभं राहायचं, बस.

शिवाय एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवत होते. पावसाळ्यात आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कुत्र्याला सोबत न्यावं लागलं होतं. अंगणात बांधला होता. रेल्वेगाडीचा हॉर्न वाजला की हा उठायचा, दाराकडे तोंड करायचा आणि लांब सूर लावून रडायचा. दौंडला हॉर्न काय दिवसातून एकदा वाजतो? दिवसभर मी त्याच्याजवळ बसून त्याचं तोंड दाबत होते. पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेले तेवढा तासभर काय तो एकटा होता. आल्यावर आप्पा काही बोलले नाहीत, तेव्हा मी समजले की त्यांच्या लक्षात आलेलं नाही. आलं असतं तर संपलंच होतं.

म्हणून मी डाव टाकला. भीमेच्या काठी मामांचा मळा आहे, रेल्वेपासून चांगला लांब. तिथे तंबू ठोकून दोन दिवस राहायचं, मी, आप्पा आणि कुत्रा. हॉर्न नाही, रडणं नाही. दोन दिवसांत या शहाण्यानं शेपूट हलवून म्हाताऱ्याला गुंडाळलं की पुढचं पुढे. फोनवर मी नुसतं कॅम्पिंग म्हणाले. आप्पा लगेच येतो म्हणाले. एवढ्या पटकन, की मला संशय यायला हवा होता.

तयारी मी व्हिडिओ बघून केली. त्यातल्या कुत्र्यांना पाठीवर लावायच्या छोट्या सॅकसुद्धा होत्या. आमच्या शहाण्याला दप्तर लावून बघितलं, तर तो जागेवर बसला आणि काढेपर्यंत उठला नाही. तंबू घ्यायला शिरूरला मार्केट यार्डाजवळच्या ताडपत्रीच्या दुकानात गेले. तंबू म्हटल्यावर दुकानदारांनी विचारलं, लग्न कुणाचं हाय, आणि मंडपवाल्याचा पत्ता दिला. कुत्र्याला घेऊन दोन दिवस राहायला जायचंय म्हटल्यावर मात्र त्यांनी स्वतः आत जाऊन एक जाड ताडपत्री काढून आणली. कापडाचे तंबू खालून ओल धरतात, ही अंथरा, कुत्र्यालाबी गार लागत न्हाई, म्हणाले. तंबू शेवटी ऑनलाईन मागवला, पण खरी उपयोगी पडली ती ताडपत्रीच.

शनिवारी दुपारी मैत्रिणीच्या गाडीत कुत्र्याला घालून मी दौंडला पोचले; हॉर्न वाजायच्या आत आप्पांना घेऊन निघायचं होतं. आप्पांनी ओसरीत बॉक्स काढून ठेवला होता. गार्ड लाईनवर जायचा तेव्हा त्याची लोखंडी पेटी गाडीत चढायची. झेंडे, दिवा, शिट्टी आणि दोन दिवसांचा शिधा, सगळं तिच्यात. निवृत्तीनंतर आप्पांना करमेना, तेव्हा त्यांनी वेल्डरकडून हुबेहूब तशीच पेटी करून घेतली. तिच्यात इतके दिवस जुनी वर्तमानपत्रं होती. आता ती रिकामी करून, पुसून ठेवली होती.

माझ्या सामानाकडे त्यांनी क्वालिटीवाल्यासारखंच बघितलं. कपाळाला बांधायचा दिवा पास झाला. मसाल्याच्या सात बाटल्या परत गेल्या. त्यांच्याऐवजी बाजरीचं पीठ, ठेचा, सुतळीचं रीळ आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी आली. जे उशिरा लागतं ते खाली आणि जे आधी लागतं ते वर, एवढा एकच नियम. आयुष्यातले निम्मे दिवस हा माणूस घराबाहेर शिजवून जेवला होता, आणि मी त्याला कॅम्पिंग शिकवायला निघाले होते.

तंबू कुठे ठोकायचा, तेही त्यांनी आधीच ठरवलं होतं. नदीकाठी नाही, मामांच्या घराला लागून, दिव्याखाली. उसात बिबट्या आहे, आणि कुत्रं बाहेर बांधणं म्हणजे त्याला ताट वाढणं. कुत्रा तंबूत आपल्या दोघांच्या मध्ये झोपेल, असं ते म्हणाले. घरात चालत नाही आणि तंबूत कसं चालतं, असं मी विचारलं. तंबू म्हंजी घर न्हाई, म्हणाले.

मला जोर आला. पेटी भरता भरता मी कुत्र्याचे गुण गाऊ लागले. किती शांत, किती समजूतदार, खाण्याची कटकट म्हणून नाही. आप्पा चादरीची घडी घालत ऐकत होते. घडी झाली तशी ते पेटीच्या झाकणावर बसले.

"मला चार्ज द्यायलाच आणलाय न्हवं त्याला?"

मी सुतळीचं रीळ उगीच उलगडून परत गुंडाळलं.

"चार्ज घेताना गार्ड गुण इचारत न्हाई," आप्पा म्हणाले. "गाडीत दोष काय हाय, त्येवढंच इचारतो. दोष लपवून चार्ज दिला, की पुढचा मानूस फसतो."

त्यांनी वही आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी लिहायला लागले. चपला खातो. थंडीत मागच्या डाव्या पायानं लंगडतो. रेनकोट घातलेल्या माणसावर भुंकतो. इथे पेन थांबलं. ते पुढचं लिहिलं नसतं तर चाललं असतं का? कंपनीत खराब माल पास केला म्हणून मी लोकांना फैलावर घेते, आणि इथे स्वतःच्या बापाला फसवायला निघाले होते. लाज वाटली. लिहिलं: हॉर्न वाजला की दाराशी जाऊन रडतो.

आप्पांनी चष्मा लावून यादी वाचली. पहिल्या तिन्हींवर मान हलवली. चौथ्याशी आले आणि तेवढ्यात, जणू ठरवल्यासारखा, यार्डातून मालगाडीचा हॉर्न आला. ओसरीत ताडपत्रीवर पसरलेला कुत्रा उठला, उंबऱ्याशी गेला आणि त्यानं सूर लावला. मी त्याला धरायला उठले, तर आप्पांनी हातानंच मला बसवलं.

"तू पाव्हण्यांना टेसनवर सोडाया गेल्तीस, तवाच बघितलंय मी हे," ते म्हणाले. "तुझी आई असंच करायची. हॉर्न वाजला की हातातलं टाकून दारात. म्हनायची, तुमचीच गाडी वाटली. मी मनमाडला असलो तरी. ती गेल्यापास्नं रोज हॉर्न वाजत्यात, आन् या घरात कुनी उठत न्हाई. त्या दिवशी ह्यो उठला."

एवढं एका दमात बोललेले आप्पा मी कधी ऐकले नव्हते. आईबद्दल तर नाहीच. मी डाव टाकायला आले होते आणि हा माणूस पावसाळ्यापासून मी विचारायची वाट बघत होता. त्या क्षणी मला घरमालकीणबाई, त्यांची सून, तिच्या पोटातलं बाळ, सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले.

आप्पांनी चौथ्या ओळीवर सरळ रेघ मारली. ह्यो दोष न्हाई, म्हणाले. तिन्ही दोषांखाली 'चार्ज घेतला' असं लिहिलं, सही केली आणि मला वेळ विचारली. मला घड्याळ नीट दिसत नव्हतं, म्हणून शेवटी त्यांनीच भिंतीवर बघून ती लिहिली.