उसना घाम

सुशीला पाटोळे बाई. या लेखात एवढे एकच नाव येईल, म्हणून ते सुरुवातीलाच लिहून टाकतो. आमच्या गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. दहावीनंतर वडिलांनी मला ट्रॅक्टरच्या गॅरेजवर कामाला लावायचे ठरवले होते. बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडील 'हो' म्हणेपर्यंत उठल्याच नाहीत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. अंगावर खाकी आली ती त्यांच्यामुळे. बाकीच्यांची नावे मी मुद्दाम गाळली आहेत, कारण त्यातली बरीच माणसे आजही नागापूरच्या रस्त्याने रोज कामाला जातात.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना मी नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीतल्या पोलीस ठाण्यात होतो. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यातले कित्येक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोक्यात बसले आहे. त्यात ना चाकू होता ना चोरी, होता तो फक्त घाम. त्या घामाने मला जेवढे वैतागवले तेवढे सराईत गुन्हेगारांनीही वैतागवले नव्हते.

एप्रिलचे दिवस होते. दवाखान्यातून ठाण्यात खबर आली की एका ओतकामाच्या कारखान्यातला कामगार भट्टीजवळ बेशुद्ध पडला असून त्याच्या डोक्याला मार आहे. अशी खबर आली की आम्ही स्टेशन डायरीला नोंद घेऊन जबाबाला जातो. तो माणूस चाळिशीचा होता, खर्ड्याकडून येऊन ठेकेदाराकडे कामाला लागलेला. शुद्धीवर नव्हता. डॉक्टर म्हणाले की डोक्याची जखम पडल्यामुळे झालेली आहे, खरे कारण उष्माघात आहे.

त्याची बायको दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. ठेकेदाराचा माणूस तिला सांगून गेला होता की हा उष्माघात नाहीच, याला आधीपासून काहीतरी आजार असणार, तसे ठरले की पुढच्या उपचाराचे आम्ही काही बघणार नाही. तिने जबाब नीट दिला. अंगठा उठवायचा का असे विचारताच तिने माझ्या हातातून पेन घेतले आणि सही केली. मग म्हणाली, "साहेब, मला येवढंच कळू द्या. ह्यांना कामानं पाडलं का ह्यांच्या अंगातच काय हुतं? त्यावर आमचा दवाखाना हाय."

कारखान्यात गेलो तर तिथे आमची वाटच बघत होते. मनुष्यबळ विभागाचे एक अधिकारी आणि पुण्याहून आलेला एक इंजिनियर. समोर लॅपटॉप. त्यांनी मला एक पट्टी दाखवली. रुपयाच्या दोन नाण्यांएवढी, चौकोनी, पातळ, मागून चिकट. दंडाला लावायची. ती घाम शोषते आणि घामातले मीठ, पाण्याचे प्रमाण मोजून आकडे हवेतून सुपरवायझरच्या स्क्रीनवर पाठवते. अंगातले पाणी कमी होऊ लागले की त्या कामगाराच्या नावापुढे लाल दिवा लागतो. लाल लागला की त्याला गार खोलीत बसवायचे. कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो.

"सर, हा माणूस पूर्ण दिवस हिरवा आहे," इंजिनियर म्हणाला. "उष्माघात शक्यच नाही."

मी कागद मागितला. त्याने आलेख छापून दिला. रेघ वर जात होती, खाली येत होती, पण कुठेही लाल नव्हती. मला आलेखातले फारसे कळत नाही, पण वेळ वाचता येते. हा माणूस दुपारच्या जेवणाआधी रुग्णवाहिकेत घातला होता. कागदावर त्याला कारखाना सुटेपर्यंत घाम येत होता.

मी ते बोट ठेवून दाखवले. इंजिनियर म्हणाला, "डेटा कधी कधी उशिरा पोहोचतो, सर."

"उशिरा पोहोचतो ते ठीक. पण आला कुठून?"

त्यावर त्याने मला पंधरा-वीस मिनिटे समजावून सांगितले. सर्व्हर, बॅटरी, आणखी बरेच काही. माझ्याबरोबरचे हवालदार माझ्यापेक्षा वयाने थोडेच लहान, जन्म नगरमध्येच गेलेला. ते बाहेर आल्यावर म्हणाले, "साहेब, दवाखान्यात सलाईन लावलंय अन् घाम इथं गाळतोय. असा कामगार मिळाला तर कुठला मालक सोडंल?"

पट्टी कुठे आहे, असे विचारले तर धावपळीत पडली असेल, असे उत्तर. भट्टीवरच्या कामगारांचे जबाब घेतले. सगळ्यांचे शब्द सारखे. पट्टी रोज गेटवर मिळते, रोज लावतो, साहेब, काही माहीत नाही. इतके सारखे बोलणे फक्त पाठ केलेले असते. पण ओरडून, दम देऊन काही निघेना. वरून वरिष्ठांचे फोन, एवढ्या साध्या अपघाताला इतके दिवस कशाला लागतात म्हणून. मी दुसऱ्यांदा कारखान्यात गेलो, तिसऱ्यांदा गेलो. दर वेळी तोच आलेख, तोच चहा.

खबर शेवटी मिळाली ती गेटसमोरच्या टपरीवर. टपरीवाले चाचा आमचे जुने खबरी. त्यांना मी सरळ काही विचारत नसे. हल्ली गेटवर वेगळे काय दिसते, एवढेच विचारले. चाचा कप विसळत म्हणाले, "वेगळं काय, साहेब. मालधक्क्यावरचा तो पैलवान बघा. आधी पोतं उचलायचा तर उघडाच. येणाऱ्या-जाणाऱ्यानं छाती बघावी म्हणून. आता दोन महिने झाले, इतक्या उन्हाचा बाह्या मनगटापर्यंत. गळ्याचं बटनसुद्धा सोडत नाही. बायको लाभली म्हणावं तर तीही नाही."

वर्षानुवर्षे उघड्या अंगाने मिरवणारा माणूस ऐन एप्रिलमध्ये शर्ट घालतो, तेव्हा त्याला लाज नाही, कारण असते. मालधक्का भट्टीच्या शेडला लागूनच होता. मी पैलवानाला ठाण्यात बोलावून घेतले.

गडी खरोखरच दणकट. दारातून आत येताना तिरका झाला. पंखा बंद होता, तो मी मुद्दाम बंद ठेवला होता. हवालदारांनी गावाची, तालमीची चौकशी केली, कुठल्या जत्रेत कुस्ती मारली ते विचारले. त्याच्या शर्टाचा रंग बदलत गेला. शेवटी तो खांद्याजवळ खाजवू लागला. मी म्हटले, "काढ तो शर्ट."

त्याने काढला. दोन्ही दंडांवर, खांद्यांवर पट्टीच्या मापाचे फिकट चौकोन उमटले होते. काही जुने, काही लालसर, पुरळ आलेले. हवालदार उठून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "साहेब, ह्याच्या अंगावर अख्खी भट्टी कामाला हाय," ते म्हणाले.

"कुणाकुणाच्या पट्ट्यांचे वण आहेत हे?" मी विचारले.

"भट्टीवरल्या गड्यांच्या," तो खाली बघत म्हणाला. "साहेब, चोरी न्हाई केली. मला घाम लई येतो, पानीबी लई पितो. माझा दिवा कधीच लाल हुत न्हाई. त्यांचा रोज हुतो. म्हनून त्यांना उसना दिला."

"काय उसना दिलास?"

"घाम."

मी डोक्याला हात लावला. आता हे लिहायचे कोणत्या कलमाखाली? चोरी म्हणावी तर कुणाचे काय गेले? फसवणूक म्हणावी तर फायदा कुणाला झाला? मुद्देमालाच्या रकान्यात काय भरायचे, असे हवालदारांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, तेव्हा मी त्यांच्यावर उगाच खेकसलो.

पैलवानाने मग सगळे सांगितले. आठवड्यात तीनदा लाल दिवा लागला की ठेकेदार त्या माणसाला भट्टीवरून काढून पॅकिंगला टाकी. तिथे पगार कमी, आणि पुढच्या महिन्यात काम मिळेलच असे नाही. भट्टीपुढे उभे राहिल्यावर लाल तर लागणारच. म्हणून गेटवर चिकटवलेल्या पट्ट्या आत गेल्यावर सोलायच्या आणि पैलवानाच्या अंगावर लावायच्या. त्याचे अंग सगळ्यांना हिरवे ठेवी. "तो पडला त्या दिवशी भ्यानं सुटी हुईपर्यंत काढल्याच न्हाईत," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच मारला त्याला." एवढे बोलून तो इतका रडला की हवालदारांनी पंखा लावला.

छडा लागला होता. पण समाधान एक दिवसही टिकले नाही. कारखान्याचे अधिकारी खूश झाले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्र तयार करून आणले, की कामगाराने स्वतःहून सुरक्षा साधन काढले, सबब जबाबदारी त्याची. खरे शोधून काढले मी आणि फायदा झाला त्यांचा. ठेकेदाराने दवाखान्यात पैसे भरणे बंद केले. बायको ठाण्यात आली. ओरडली नाही. "म्हंजी ह्यांनीच करून घेतलं म्हना की," एवढेच म्हणाली आणि निघाली.

मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला. त्या पट्टीचा, पैलवानाचा, बेशुद्ध पडलेल्या माणसाचासुद्धा. प्रकरण बंद करून टाकावे असे मनात आले. पण एक जबाब राहिला होता. भट्टीच्या सुपरवायझरचा. त्याचा जबाब म्हणजे आतापर्यंत एकच ओळ होती, स्क्रीन हिरवी होती.

त्याला नोटीस देऊन बोलावले. विशी ओलांडलेला, डिप्लोमा झालेला मुलगा. श्रीगोंद्याकडच्या एका वस्तीवरचा. बरोबर त्याची आई आली होती, ती व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली. जबाब घेताना मी आरोपाचा प्रश्न कधी आधी विचारत नसे. आधी दिवसभराचे काम विचारायचे. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना माणूस सहसा खोटे बोलत नाही, त्याला ते सुचत नाही. या मुलानेही भट्टी कधी पेटली, लोखंडाचा रस कधी ओतला, कोण कुठे उभा होता, सगळे मन लावून सांगितले. मग सहज म्हणाला, "तो दोनदा भिंतीला टेकला, सर. म्हणून मी जवळ गेलो. कपाळाला हात लावून बघितला."

हवालदार लिहिता लिहिता थांबले.

"कसं होतं कपाळ?"

"तापलेलं. आणि कोरडं. घाम अजिबात नव्हता."

"आणि स्क्रीनवर?"

"स्क्रीनवर भरपूर घाम होता."

"मग तू काय केलंस?"

"स्क्रीन हिरवी होती, सर."

"ते कळलं. तुझ्या हाताला काय लागलं ते विचारतोय. भट्टीपुढचा माणूस कोरडा, यंत्र म्हणतं घामाघूम. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. पण हाताची नोंद होत नाही, सर. स्क्रीनची होते. हिरवा असताना बसवला असता, तर का बसवला ते मला लिहून द्यावं लागलं असतं."

उष्माघातात शेवटी घाम आटतो, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्या माणसाचा घाम आटला होता, आणि ते एका माणसाच्या तळहाताला कळले होते. पट्टी काढली हा कामगाराचा दोष, तो मी लपवला नाही. पण धोका हाताला लागल्यावरही त्याला भट्टीपुढे ठेवला, हा निष्काळजीपणा कामगाराच्या माथी मारता येत नव्हता. सुपरवायझर आणि त्याच्यावर तसा नियम लादणारे व्यवस्थापक, दोघांवर मी गुन्हा दाखल केला. पैलवानाला साक्षीदार केले. कामगार सुरक्षेच्या खात्याला अहवाल गेला. गुन्हा दाखल झाल्याचे कळताच ठेकेदाराने दवाखान्यात पुन्हा पैसे भरले. तो माणूस वाचला. बोलणे थोडे अडखळते आणि ऊन सोसत नाही, पण घरी आहे.

या प्रकरणाने मला एक शिकवले. माणूस खोटे बोलतो आहे असे दिसले की आम्ही पोलीस लगेच त्याच्या मागे लागतो. आधी हे बघावे की खरे बोलल्यावर त्याला कोणती शिक्षा होणार होती. लाल दिवा माणसाला वाचवण्यासाठी लावला होता, आणि त्या दिव्याचीच शिक्षा केली होती. मग कोण खरा घाम दाखवील?

दोषारोपपत्र कोर्टात पाठवले त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिले. त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती तशीच देतो.

'आदरणीय बाई, सादर नमस्कार.

मागे कळवलेल्या प्रकरणाचे कागद आज कोर्टात गेले. त्यात एक आरोपी सुपरवायझर आहे. वस्तीवरचा, त्यांच्या घरातला पहिलाच शिकलेला. त्याचा जबाब झाल्यावर त्याच्या आईने मला व्हरांड्यात अडवले. म्हणाली, "साहेब, मी दुसऱ्याच्या रानात खुरपून त्याला शिकिवला. शिकलेल्या मान्सानं यंत्राचं ऐकावं का हाताचं, येवढं सांगा. घरी गेल्यावर त्यो मला ईचारील." तुम्ही आम्हाला वर्गात तापमापक दाखवायचात, तेव्हा आधी एकमेकांच्या कपाळाला हात लावायला सांगायचात. ते मी तिला सांगितले नाही, कारण तिच्या मुलाला तसे सांगणारे कुणी भेटले नसेल तर त्यात तिचा काय दोष?

गुन्हा मीच दाखल केला, आणि तो मागे घेणार नाही. तिला एसटी स्टँडपर्यंतही मीच सोडले. यात काही चुकले असेल तर कळवा.

आपला विद्यार्थी.'