फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीतल्या आमच्या घरात एकच कम्प्युटर होता आणि तो ताईचा होता. ती त्यावर लग्नपत्रिका तयार करून द्यायची. मला त्याच मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती. मित्राकडून सीडी आणलेली, ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत करायची होती. ताईला विचारलं तर म्हणाली, "कोळीवाड्याची पत्रिका छापायला जाऊ दे, मग घाल काय धुडगूस घालायचा तो."

आई म्हणाली, "एका घरात दोन चुली कशाला रे?"

ठाण्याच्या कोळीवाड्यातलं ते लग्नघर मोठं होतं. निमंत्रकांत कुणाचं नाव कुणाच्या वर यावं, याचा तिथे रोज नवा निकाल लागायचा आणि ताई रोज नावं वरखाली करायची. शेवटी कसंबसं एकमत झालं. दसऱ्यानंतरच्या सकाळी पत्रिका प्रेसमध्ये द्यायची होती. शेवटच्या दुरुस्त्यांची फ्लॉपी काढायची राहिलेली; त्या फक्त मशीनमध्येच होत्या.

दसऱ्याला आईने कम्प्युटरची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता. पूजा झालेल्या हत्याराला आमच्याकडे त्या दिवशी हात लावत नाहीत. वडील होते तेव्हा त्यांचे पाने-पकडीसुद्धा पाटावर असेच निवांत बसलेले असायचे. मग आई आणि ताई ठाण्याला, टेंभी नाक्याच्या देवीला गेल्या.

आज ताई मशीनकडे फिरकणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तो दिवस निवडला. माळ अलगद बाजूला केली, देवाला नमस्कार केला (त्यानेही मन हलकं झालं नाही) आणि सीडी घातली. ताईचं सगळं काम सी ड्राइव्हमध्ये होतं, त्याला धक्का लागणार नव्हता. माझा डी ड्राइव्ह मी लिनक्सला दिला. सगळं सुरळीत झालं असं वाटलं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर एल आणि आय ही दोनच अक्षरं उमटली. पुढे काही नाही. लिनक्स नाही आणि विंडोजही नाही.

अशा वेळेसाठी, अडलेलं विंडोज सुरू करून देणारी एक फ्लॉपी जपून ठेवलेली होती. ती आत जाईना. अर्ध्यावर अडकायची. बॅटरी मारून पाहिलं, तर फटीत आईच्या अक्षता.

तेवढ्यात दार वाजलं, दोघी परतल्या होत्या. ताईने आत येताच हातावर आपट्याचं पान ठेवलं. "घे सोनं. असा काय चेहरा केलायस?"

पान हातात घेऊन खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं.

ती मटकन स्टुलावर बसली. "त्या लोकांना आता पुन्हा विचारू, कोण वर नि कोण खाली? लग्न मोडेल रे त्यांचं!"

"अक्षता निघाल्या तर होईल, ताई."

"मग काढ ना!"

"आज हात लावायचा नाही," आई म्हणाली.

"अगं आई, याने सकाळपासून हातच लावलाय!"

आईने थोडा विचार केला. "थांबा, उत्तरपूजा करून टाकते." आणि तिने पुन्हा अक्षतांची वाटी उचलली.

"आई, लांबून!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

आईने पाटावर चार अक्षता वाहिल्या. मी पेटी उघडून फ्लॉपीचा ड्राइव्ह बाहेर काढला, ताईने केसांच्या चिमट्याने एकेक दाणा उचलला. आई खाली ताम्हण धरून बसली. पूजेचे दाणे जमिनीवर पडून पाय लागायला नको. फ्लॉपी आत गेली. घरघरली. विंडोज उघडलं, पत्रिका उघडली. ताईने सगळी नावं वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा मला हवाच होता.

मित्राने नंतर सांगितलं, सेटिंगमध्ये एक शब्द लिहायचा राहिला होता. पत्रिका छापून आल्यावर ताईनेच विषय काढला, "टाक आता तुझं ते." मित्राकडून सीडी पुन्हा आणली आणि एकाच मशीनमध्ये दोन्ही नांदू लागली. मशीन सुरू झालं की क्षणभर विचारायचं, कोण हवं? काहीच सांगितलं नाही तर विंडोज. ती ताईची अट होती. "पत्रिकेत मोठ्याचं नाव वर असतं. इथेही तसंच."

पुढच्या दसऱ्याला आई पूजेला बसली तेव्हा ताईने फ्लॉपीच्या फटीवर तळहात धरला. आईने अक्षता वाहिल्या आणि पुन्हा मूठ भरली.

"आता कशाला?" ताई म्हणाली.

"आत दोघं राहतात ना? मग दोनदा."

ताईने माझ्याकडे पाहिलं, पण हात काढला नाही. दुसऱ्या मुठीतले दाणे तिच्या बांगड्यांवरून घरंगळून खाली ठेवलेल्या ताम्हणात पडले.