उजव्या मांडीवरचा शड्डू

डाव्या हाताला आपल्याकडं कामं सगळी, मान काडीचा नाही. सुदुंबऱ्याच्या कोंडाजीला हे तिसऱ्या वर्षीच कळलं. पोरगं डाव्या हातानं भाकरी मोडतं म्हणून आई अंबूबाईनं तो हात लुगड्याच्या चिंधीनं पाठीशी बांधून टाकला. जेवण, नमस्कार, पेरणीची मूठ, सगळं उजव्यावर आलं. जोर मात्र होता तिथंच राहिला. माणसाला वळण लावता येतं, हाडाला कोण लावणार?

तालमीतल्या वस्तादांनी हे ओळखलं आणि ते भलतेच खूश झाले. कुस्तीला उतरलेला गडी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो. समोरचा त्या हाताकडं बघतो, जोराचा हात तोच असं धरून चालतो आणि नजर तिथंच ठेवतो.

"शड्डू उजव्यानं ठोकायचा," वस्ताद म्हणाले. "डावा झोपल्यावानी ऱ्हाऊ दे. गडी उजव्याकडं बघंल, तवर डाव्यानं उचलायचा."

ह्यात काही वावगं आहे असं कोंडाजीला तेव्हा वाटलं नाही. त्यानं पुष्कळ कुस्त्या मारल्या. वाहवा ताकदीची व्हायची, कमाई लबाडीची होती.

१९२६ साली वडगावच्या जत्रेत लोहगडवाडीचा बजरंग त्याच्यासमोर आला. कोंडाजीनं उजव्या मांडीवर अशी थाप मारली की मैदान दणाणलं. बजरंगाचे डोळे त्या हातावर खिळले. तेवढ्यात डावा हात त्याच्या काखेत शिरला, बजरंग वरून फेकला गेला आणि उजव्या खांद्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज हलगीच्या कडकडाटातही ऐकू आला. खाली पडल्यावरही तो कोंडाजीच्या उजव्या हाताकडंच बघत होता.

हाडवैद्यानं फळ्या बांधल्या, पण बजरंगाचा हात वाळला तो वाळलाच. कोंडाजी पुन्हा आखाड्यात उतरला नाही. लोक म्हणाले, लग्न झालं, गडी संसाराला लागला. खरी गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नाही. जेवायला बसून घास उचलला की उजव्या हातावर ते डोळे दिसायचे. इंद्रायणीवर कुणी धुणं आपटलं तरी शड्डूची थाप ऐकल्यागत घास तोंडापाशी थांबायचा.

"पोटात दुखतंय का?" बायको रतनबाई विचारायची.

"न्हाई."

अशी बारा वर्षं गेली. बजरंगासमोर खरं बोलावं आणि त्याच्या पोटभर शिव्या खाव्यात, एवढंच त्याला हवं होतं. तेवढंच धाडस होत नव्हतं.

मग पुतण्याला मुलगी मिळाली ती नेमकी लोहगडवाडीची. वऱ्हाडात जाणं भाग पडलं. पंगत बसली, तर गोठ्यापाशी एकजण वेगळाच बसलेला.

"त्यो का लांब बसलाय?" कोंडाजीनं वाढप्याला विचारलं.

"बजरंगभाऊ व्हय? डाव्या हातानं जेवत्यात न्हवं. लग्नाच्या पंगतीत बरं दिसत न्हाई."

कोंडाजी पत्रावळ घेऊन उठला. वऱ्हाडी भरल्या पानावरून उठला म्हणून एकच गलका झाला. तो सरळ बजरंगाच्या शेजारी जाऊन बसला. उजवा हात त्यानं पाठीशी घेतला आणि डाव्यानं भात कालवला. तेहतीस वर्षं त्या हाताला घास माहीत नव्हता. अर्धा भात धोतरावर सांडला.

"बजरंगा, ह्यो माजा खरा हात. शड्डू ठोकला त्यो खोटा. फसीवलं मी तुला. घाल शिव्या."

बजरंगानं त्या हाताकडं बघितलं.

"मला ठाव व्हतं," तो म्हणाला. "आदल्या दिशी वडगावात तू हिरीतनं पोहरा वडताना बघितलं व्हतं. डावरा हाय, डावरा हाय, आसं घोकतच उतरलो. पर तू थाप मारलीस, आन डोळं गेलं उजव्याकडं. ठाव असून गेलं. बारा वर्सं माज्याच डोळ्यांस्नी शिव्या घालतोय मी. तुला कुटनं घालू?"

कोंडाजीला रडू फुटलं. शिव्या मिळाल्या असत्या तर तो सुटला असता. त्याच्या लबाडीचा दोष हा माणूस इतकी वर्षं स्वतःच्या माथी मारत आला होता. डावा हात तसाच खरकटा पत्रावळीवर राहिला.

बजरंगानं आपली पत्रावळ जरा त्याच्याकडं सरकवली.

"आंगठ्यानं ढकल घास," तो म्हणाला. "म्हंजी सांडत न्हाई. मला बी वरीस लागलं शिकायला."