आबांचा ओटीपी

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एकाच टेबलाशी वर्षानुवर्षं बसून राहिलं की आपोआप साठतात. कोल्हापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात फंडाचं काम बघायला पूर्वी चौघं होतो, आता मी एकटी. घरीही एकटीच. संध्याकाळी कुणाला सांगावं म्हटलं तर कुणी नसतं, म्हणून तुम्हाला सांगते.

*

यंदा कारखान्याने कामगारांचा निवृत्ती फंड बंद करायचं ठरवलं. पैसे रोख घेतले तर कर बसणार, थेट स्वतःच्या नावच्या पेन्शन खात्यात वळवले तर नाही. एवढंच मी दिवसभर सांगत असते. वर्कशॉपमधल्या एका फिटरने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे माजंच पैसं ह्या खिशातनं त्या खिशात. मग ताई, मधी तुमी कशाला?"

मी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

*

शिरोळकडच्या एका मुकादमाला खात्यासाठी फंड मॅनेजर निवडायचा होता. यादी बघून त्याने विचारलं, ह्यातला आपल्या भागातला कोण, कुणाचा पावणा? आमच्याकडे संचालकाला मत द्यायचं तरी आधी त्याची सोयरीक बघतात. हे सगळे मुंबईत बसतात, भेटत नाहीत, असं मी सांगितल्यावर त्याचा चेहराच पडला.

"आन उद्या भांडायचं झालं तर जायचं कुणाच्या दारात?"

शेवटी त्याने सगळे पैसे सरकारी रोख्यांत टाकले. भांडायला निदान कलेक्टर कचेरी तरी आहे!

*

आता आबा. साखर शिजवायच्या खात्यात उभा जन्म काढलेला माणूस, या हंगामानंतर घरी बसणार. बायको गेली, मुलगा पुण्यात. आधारला नंबर मुलाचा जोडलेला, त्यामुळे खातं उघडायचं तर ओटीपी पुण्यात जाणार आणि मुलाने तो फोन करून सांगायचा.

फोन आला. आबांनी तो कानाला लावला आणि सुरू झाले. जेवलास का रं? पोरगी शाळंला जातीया न्हवं? तिचा खोकला थांबला का? मुलगा म्हणतोय आबा, आधी नंबर घ्या. नंबर घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आबा नवा शर्ट घालून आले.

*

मधेच एक बॉयलरवाले बायकोला घेऊन आले. ओळख पटवायला मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे असतात. यांनी एकच डोळा मिचकावला, तोही झोकात. शेजारी बसलेली बायको मला म्हणाली, "लगीन झाल्यापासनं मला एकदा बी न्हाय."

दोघं हसत हसत गेली. मी डबा उघडला आणि एकटीच जेवले.

*

फंड बंद व्हायला थोडेच दिवस राहिले. आबांचे पैसे तोवर वळवले नाहीत तर कर बसणार, म्हणून मला घोर लागला. मी त्यांना म्हटलं, आधारला तुमचाच नंबर जोडून घेऊ, मुलाला त्रास नको.

"ऱ्हाऊ दे की," आबा म्हणाले. "पोरगं हाय की द्यायाला."

मग मीच मुलाला कळवलं की फोन करू नका, ओटीपी आला की मला मेसेज करा. त्याने लगेच केला. दोन मिनिटांत काम झालं. आबा मोबाईल हातात धरून समोर बसले होते. मी म्हटलं, झालं आबा, खातं उघडलं, पैसे तिकडे वळवले.

"त्यो काय बोलला?"

"काही नाही. मेसेज केला."

आबांनी मान हलवली, मोबाईल खिशात ठेवला आणि गेले.

*

सोमवारी ऑफिस उघडायला आले तर आबा दारात उभे. तोच नवा शर्ट. मी आत बोलावलं, चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला. काय काम काढलंत, असं मीच शेवटी विचारलं.

"ताई, ते पैसं माघारी हिकडं आणता येत्यात काय?"

"आबा, इतक्या खटपटीने तिकडे नेले. परत कशाला आणायचे?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"न्हाय, इचारलं आपलं. त्याला बी ओटीपी लागत असंल न्हवं?"